मौजमजाई मार्केट आणि थंडाव्याची मालकी

१.
या मालिकेत आजवर आपण शिलालेख वाचले, नाणी तपासली, किल्ले चढलो, तहनामे उलगडले. आजचा धागा एका आइस्क्रीमच्या दुकानावर आहे. विषय हलका वाटेल. मात्र दिवाळीच्या सुट्टीत ते दुकान सापडल्यापासून गेले काही आठवडे माझ्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे: एखादे शहर कोणाचे असते? त्याचे उत्तर मला चमच्याएवढ्या सीताफळाच्या गरात मिळाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शोधाची सुरुवात मात्र तिथूनच झाली. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

२.
आमचे घर जालन्याजवळचे. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. लहानपणी ते आम्हाला एक गोष्ट सांगत. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, मोसंबीच्या पाट्या घेऊन रेल्वेने हैदराबादला जात. एके वर्षी त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या आबांनाही बरोबर नेले. माल अडत्याकडे उतरवला, पैसे हाती आले आणि पणजोबांनी मुलाला 'मौजमजाई मार्केटा'त आइस्क्रीम खाऊ घातले. आबांच्या आयुष्यातले ते पहिले आइस्क्रीम. 'मौजमजाई' हे नाव ऐकून मला वाटे की ही जागा त्यांनी आमच्यासाठी रचलेली असावी. जिथे फक्त मौजमजा चालते अशी एखादी काल्पनिक पेठ.

३.
यंदाच्या दिवाळीत दोन मैत्रिणींसह चार दिवस हैदराबादला गेले. गोवळकोंडा, कुतुबशाही मकबरे, चारमिनार, सालारजंग संग्रहालय असा इतिहासाच्या विद्यार्थिनींना शोभेलसा कार्यक्रम आखला होता. शेवटच्या संध्याकाळी पाय दुखू लागले, तेव्हा रिक्षावाल्याला म्हटले, जवळपास कुठे थंड काही मिळेल तिथे सोडा. त्याने एका भव्य दगडी इमारतीसमोर आणून सोडले. घुमट, कमानी, मध्यभागी घड्याळाचा मनोरा. पाटीवर नाव होते: मोअज्जम जाही मार्केट. मी ते दोनदा मोठ्याने वाचले. दुसऱ्यांदा वाचताना आबांचा आवाज ऐकू आला. मौजमजाई खरीच होती. आमच्या मराठवाडी जिभेने एका राजपुत्राच्या नावाची पार मौजमजा करून टाकली होती.

४.
आत आइस्क्रीमची दुकाने ओळीने उभी आहेत. फेमस, शाह, बिलाल ही नावे हैदराबादकरांच्या तोंडी असतात. फेमस आपली स्थापना १९५१ ची सांगते. आम्ही सीताफळाचे मागवले. वर चेरी नाही, रंग नाही, चॉकलेटचा ओघळ नाही. साध्या कपात करडसर पांढरा गोळा आणि त्यात गराच्या पाकळ्या. चव आधी फळाची लागते, दुधाची नंतर येते. पोत किंचित खरखरीत, जड. हवेने फुगवलेल्या आइस्क्रीमची सवय झालेल्या जिभेला हा जडपणा प्रथम चकवतो आणि मग तोच हवासा वाटू लागतो. शेजारच्या टेबलावर बुरखा घेतलेल्या तिघी, पलीकडे कपाळावर गंध लावलेले एक वृद्ध जोडपे, मागे कॉलेजातला घोळका. सगळ्यांच्या हातात तसाच कप.

५.
त्या रात्री मी कपाचे आणि मनोऱ्याचे छायाचित्र टाकले. सकाळपर्यंत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया जमा झाल्या होत्या. पहिलीचा सूर असा: मराठवाड्याची लेक असून निजामाच्या बाजाराचे गोडवे गाताना लाज कशी वाटत नाही? दुसरीचा सूर असा: पाहा, निजामाने केवढे वैभव उभारले, आणि लोक उगाच त्याला नावे ठेवतात. पहिल्यांनी मला कृतघ्न ठरवले, दुसऱ्यांनी साक्षीदार. दोघांनाही त्याच वेळी उत्तर द्यायचे टाळले, कारण दोन ओळींत देण्यासारखे ते नव्हते. हा धागा म्हणजे ते उत्तर आहे.

६.
आधी इमारत. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबादचा मोठा भाग वाहून गेला. त्यानंतर शहराच्या पुनर्रचनेचा विचार सुरू झाला. विश्वेश्वरय्यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले, पूरनियंत्रणासाठी १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते, नव्या वसाहती आणि आखीव बाजारपेठा ही त्या मंडळाची कामे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे दुसरे चिरंजीव मोअज्जम जाह हे या मंडळाचे प्रमुख होते. १९३५ मध्ये उभ्या राहिलेल्या या ग्रॅनाइटच्या बाजाराला त्यांचेच नाव मिळाले. फळांचा मोठा व्यापार इथे चाले. पणजोबांची मोसंबी इथेच येत असे.

७.
म्हणजे दगड निजामाच्या राजवटीचा, हे निर्विवाद. पण दगडातून आइस्क्रीम होत नाही. त्यासाठी थंडावा लागतो, आणि दख्खनसारख्या उष्ण प्रदेशात थंडावा कुठून तरी आणावा किंवा बनवावा लागतो. त्या थंडाव्याचा माग घेत गेलो तर एक वेगळाच इतिहास समोर येतो. त्यात राजे आहेत, पण ते बहुधा गिऱ्हाईक म्हणून. थंडावा प्रत्यक्ष वाहून आणणारे, साठवणारे आणि घुसळणारे हात दुसऱ्यांचेच होते.

८.
अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त शाही पाणीखात्याचे वर्णन आहे. त्यात पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा, म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरल्या जाणाऱ्या क्षाराचा, उपयोग सांगितला आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो, त्या पाण्यात ठेवलेली सुरई गार होते. पुढे, १५८५ च्या सुमारास, दरबार पंजाबात गेल्यावर लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरच्या उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊ लागला. होड्या, गाड्या आणि माणसांचे खांदे अशा तीनही मार्गांनी. अबुल फजल एक महत्त्वाचे वाक्य सहज लिहून जातो. त्याचा आशय असा की, उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक बर्फ वापरतात, पण उमराव मात्र तो वर्षभर वापरतात. बर्फ कोणाला किती दिवस परवडतो, यावरून माणसाचा दर्जा ओळखता येत होता.

९.
इथे एक सावधगिरी. 'कुल्फीचा शोध मोगलांनी लावला' हे वाक्य आपण सर्रास फिरवतो. 'मार्को पोलोने चीनमधून आइस्क्रीम आणले', 'कॅथरीन द मेदिचीने ते फ्रान्समध्ये नेले' या त्याच जातीच्या कथा आहेत. त्यांना समकालीन पुरावा नाही, त्या फार उशिरा रचल्या गेल्या. बहुतेक पदार्थांना एकच जनक नसतो. मात्र प्रत्येक कथेत शोधाचे श्रेय एखाद्या राजाला, राणीला किंवा प्रवाशाला जाते, हे लक्षात घ्या. पहाटे थंडीत बर्फ गोळा करणाऱ्याला ते कधीच मिळत नाही.

१०.
असा बर्फ गोळा करणारे लोक मात्र कागदपत्रांत भेटतात. १८२० च्या दशकाअखेरीस अलाहाबादला राहणाऱ्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी तिथल्या बर्फखड्ड्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या मैदानात गवत-पेंढा पसरून त्यावर मातीच्या उथळ परळांत पाणी ओतून ठेवत. स्वच्छ आकाश आणि कोरडी हवा असली की पहाटेपर्यंत त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरे. सूर्य उगवण्याआधी माणसे तो खरवडून काढत आणि खोल खड्ड्यात ठोकून ठोकून भरत. तो बर्फ उन्हाळ्यात इंग्रजांच्या टेबलावर जाई. कडाक्याच्या थंडीत ज्यांची बोटे बधिर झाली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

११.
पुढचा टप्पा जवळजवळ अविश्वसनीय आहे. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर १८०६ पासून गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून उष्ण प्रदेशांत विकत होता. मे १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये ते कलकत्त्याला पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. हे साधले ते उष्णता रोखणाऱ्या आवरणामुळे. कंपनी सरकारने या मालावरची जकात माफ केली, आणि कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर बांधले. हेन्री डेव्हिड थोरो 'वॉल्डन'मध्ये आपल्या तळ्यावर बर्फ कापणाऱ्यांना पाहताना मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची आठवण काढतो, ती याच व्यापारामुळे.

१२.
मद्रासचे 'आइस हाउस' १८४२ चे. मरिना किनाऱ्यावर ते आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले आणि आता ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मुंबईतही असेच बर्फघर होते, ते कधीच पाडले गेले. १८७० च्या दशकात यंत्राने बर्फ बनू लागला. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी सुरू झाली आणि अमेरिकेहून येणारा बर्फ काही वर्षांतच बाजारातून नाहीसा झाला. डोंगर, हिवाळा किंवा जहाज यांची वाट पाहण्याची गरज संपली. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आता हातगाडीवरून कुठेही जाऊ शकत होती. माझ्या मते आइस्क्रीमच्या भारतीय इतिहासातला खरा नायक कोणी असेल, तर ही लादी आहे.

१३.
दुसरा नायक म्हणजे पॉट. आपल्याकडे मे महिन्यात अंगणात आइस्क्रीमचा पॉट फिरवण्याच्या आठवणी अनेक घरांत आहेत: लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, आणि दांडा फिरवायला मुलांची रांग. मीठ मिसळलेला बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याच्या खाली, अगदी उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. आतले दूध कडेला गोठते, पाते ते खरवडते, स्फटिक बारीक राहतात. याला आपण 'पारंपरिक पद्धत' म्हणतो. पण हाताने दांडा फिरवायच्या अशा यंत्राचे पेटंट सप्टेंबर १८४३ मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले होते. परंपरा म्हणजे बऱ्याचदा आपण विसरलेली नवलाई असते.

१४.
कपातल्या उरलेल्या गोष्टीही अशाच दूरवरून आलेल्या. सीताफळाचे मूळ अमेरिका खंडातले, चिकूचेही तिकडचेच. आपण त्याला सीतेचे नाव दिले आणि ते आपले झाले. 'बर्फ' हा शब्द फारसी, 'फालुदा' फारसी, 'कुल्फी'ही त्याच वाटेने आलेली. साखर मात्र भारतातून पश्चिमेला गेली. संस्कृत 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली. तेव्हा या कपाचा धर्म, प्रांत किंवा घराणे ठरवू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होईल. ज्यांनी मला 'निजामाचे आइस्क्रीम' खाल्ल्याबद्दल दटावले, त्यांनी निदान मेक्सिकोलाही जाब विचारावा.

१५.
आता १९५१ या सालाकडे या. ते मला फार बोलके वाटते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली, निजाम राजप्रमुख या पदापुरते उरले. याच घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात एक तरतूद आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही. 'दुकाने' हा शब्द घटनेत मुद्दाम घातलेला आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात दुकानाचा उल्लेख करावा लागतो, यातच या देशातील दुकानांचा इतिहास सामावलेला आहे.

१६.
यातले गांभीर्य समजण्यासाठी पुण्याकडे पाहा. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटे ठेवली गेली. रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. त्या चहावरून ग्रामण्य माजले आणि प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षे चालला. समाजातल्या सर्वांत वरच्या लोकांना एका कपाची एवढी किंमत मोजावी लागत असेल, तर ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावरही मज्जाव होता त्यांच्यासाठी 'बाहेर बसून काही खाणे' म्हणजे काय होते, याची कल्पना करा. कायद्याने एका रात्रीत सारे बदलले असे मी म्हणत नाही. अस्पृश्यतेला शिक्षापात्र ठरवणारा स्वतंत्र कायदा १९५५ साली करावा लागला, तो गरज होती म्हणूनच. पण १९५१ मधले दुकान ज्या देशात उघडले, त्या देशाने निदान लिखित स्वरूपात दार सर्वांसाठी उघडे ठेवले होते. उमरावांनी वर्षभर वापरायचा बर्फ आता चिल्लर घेऊन येणाऱ्या कोणालाही मागता येणार होता.

१७.
आता अवघड भाग. आबांच्या हैदराबादच्या गोष्टीला एक अलीकडची बाजू आहे, ती ते क्वचितच सांगतात. १९४८ च्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या भीतीने, आमचे कुटुंब गाव सोडून सरहद्दीपलीकडे देऊळगाव राजाकडे नातेवाइकांच्या आश्रयाला गेले. आबा तेव्हा आठ वर्षांचे होते. घराला कुलूप लावणारी आई आणि बैलगाडीत बांधलेली भांडी त्यांना आठवतात. आमच्या घरी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाणे चुकत नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे चित्र भिंतीवर आहे. मराठवाड्याने जी राजवट सोसली तिच्याबद्दल मला कोणी रम्य चित्र दाखवू नये. जहागिरदारी, भाषेची गळचेपी आणि अखेरच्या वर्षांतला हिंसाचार यांवर कितीही सुंदर ग्रॅनाइट रचले तरी ते झाकले जात नाहीत.

१८.
आणि तरीही त्या महिन्यांचा इतिहास एवढ्यावर संपत नाही. पोलीस कारवाईनंतर संस्थानच्या अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. मुक्तीचा आनंद खरा होता आणि हा अहवालही खरा आहे. एक सत्य दुसऱ्याला पुसून टाकत नाही. आज एकाच तारखेला कोणी मुक्तिदिन म्हणते, कोणी विलीनीकरण दिन, कोणी एकात्मता दिन. नावांवर भांडणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांविषयी शांतपणे विचारले असेल?

१९.
मला विचारावेसे वाटले ते हे: ज्या शहराच्या नावाने १९४८ मध्ये घराला कुलूप लावावे लागले, त्याच शहरात पाच वर्षांनी पणजोबा धाकट्या मुलाला घेऊन का गेले? उत्तर साधे आहे. बाजार तिथे होता. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादेकडे जाणारी रेल्वे होती. ओळखीचा अडत्या होता, आणि आबांच्या सांगण्यानुसार तो मुसलमान होता. भाव पडला तरी तो पट्टी चोख देई. पणजोबांचे शहराशी नाते होते ते या अडत्यामार्फत, हमालांमार्फत, काचीगुडा स्थानकावरच्या टांगेवाल्यामार्फत. निजामाला त्यांनी कधी पाहिले नाही. निजामानेही त्यांची मोसंबी कोणाची हे कधी विचारले नसणार.

२०.
म्हणून त्या दोन्ही प्रकारच्या प्रतिक्रिया मला एकाच चुकीची दोन रूपे वाटतात. एक पक्ष म्हणतो, शहर निजामाचे, म्हणून ते आपले नाही. दुसरा म्हणतो, शहर निजामाचे, म्हणून निजाम थोर. शहर राज्यकर्त्याच्या खाती मांडून दोघेही मोकळे होतात. मंडळाच्या तिजोरीत पैसा येत होता तो रयतेच्या साऱ्यातून, त्यात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता. दगड फोडणारे, कमानी रचणारे, फळे वाहणारे, बर्फ फोडणारे आणि दांडा फिरवणारे लोक पाटीवर नाहीत. पाटीवर नाव एकाचेच मावते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी पाटीपाशी थांबू नये.

२१.
राजाला नावे ठेवायची की गौरव करायचा, या खेळात आपण आपलाच वारसा गमावतो. मोअज्जम जाही मार्केट निजामाचे म्हणून नाकारणारा मराठवाडी माणूस आपल्या पणजोबांचा बाजार नाकारत असतो. आणि त्याच मार्केटचा दाखला देऊन राजवटीला प्रमाणपत्र देणारा माणूस देऊळगाव राजाच्या वाटेवरची बैलगाडी नाकारत असतो. माझ्या घरात त्या दोन्ही गोष्टी आहेत. एकीला दाराबाहेर काढून दुसरीला आत घेणे मला जमणार नाही.

२२.
जतनाबद्दलही दोन शब्द. या इमारतीचा जीर्णोद्धार २०२० मध्ये पूर्ण झाला आणि तो देखणा झाला आहे. पण फळबाजार १९८० च्या दशकातच शहराबाहेरच्या बाजूला हलला. दगड राहिला, ज्यासाठी तो रचला तो व्यवहार गेला. जुन्या व्यवहाराचा धागा सांगणारी जी थोडी दुकाने उरली आहेत, त्यांत ही आइस्क्रीमची दुकाने येतात. त्यांच्यासमोर आज वेगळे आव्हान आहे. भारतीय अन्नमानकांनुसार आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. वनस्पती तेलावर बनलेल्या पदार्थाला 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावे लागते. तो स्वस्त, हलका आणि सर्वत्र मिळणारा. त्याच्या स्पर्धेत हंगामी फळ सोलून, बिया काढून, दूध आटवून बनवलेला जड गोळा किती काळ टिकेल? घुमटाला निधी मिळतो. सीताफळाच्या बिया काढणाऱ्या हातांसाठी वारसा-निधीत रकाना नसतो.

२३.
परत आल्यावर आबांना फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी त्यांना विचारले, नक्की सीताफळाचेच खाल्ले होते का? अभ्यासक्रमात शिकवलेली साधनचिकित्सा घरीही चालवून पाहावी असे वाटले. मग हिशेब जुळत गेला. मोसंबीचा आंबे बहार उतरतो तो दिवाळीच्या आगेमागे, सीताफळाचा हंगामही तोच. म्हणजे स्मृती खरी असणे शक्य होते. दुकान मात्र त्यांना आठवत नाही. "दुकानाचं नाव कुणाला वाचता येत होतं?" ते म्हणाले. "पाटी उर्दूत होती. आन् माझं लक्ष समदं कपात."

२४.
मग थोडे थांबून ते म्हणाले, "एकच कप घेतला व्हता. बाप म्हणला, मला दात दुखतात, तू खा." इतक्या वर्षांत गोष्टीचा हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता. मी विचारले, पणजोबांचे दात खरंच दुखत होते का? आबा हसले. "मरेपर्यंत ऊस सोलून खायचा त्यो."

मला वाटते, थंडाव्याच्या मालकीचा इतिहास लिहायचा तर लाहोरचा दरबार आणि बॉस्टनचे जहाज यांच्याबरोबर हा एक कपही नोंदवावा लागेल. दार सर्वांसाठी उघडले होते. दोन कप घेण्याइतके पैसे मात्र सर्वांकडे नव्हते.

२५.
धागा इथे संपवते. एक विनंती आहे. तुमच्या गावात, आजोळी किंवा सुट्टीत गेलेल्या ठिकाणी असे एखादे जुने आइस्क्रीम, कुल्फी किंवा सोड्याचे दुकान असेल, तर पुढच्या वेळी छायाचित्राबरोबर चार प्रश्नही विचारा. बर्फ कुठून येत असे? दांडा कोण फिरवत असे? पहिली गिऱ्हाइके कोण होती? आणि आत बसायला कोणाला मिळत असे? उत्तरे इथे खाली लिहा. वडीलधाऱ्यांची साक्ष असेल तर ती त्यांच्याच शब्दांत लिहा. आबांना पुढच्या दिवाळीत हैदराबादला न्यायचे ठरले आहे. तिकिटे दोघांची, आणि कपही दोन.